बैलाच्या नजरेतला बाजार

मला दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसत होतं. म्हणून मी शिडीवरूनच ओरडलो, "मॅडम, दोन्ही प्रोजेक्टरला एकच फाइल लागलीय. उजवीकडची बदला."

खाली लॅपटॉपसमोर बसलेल्या बाई आधी हसल्या. मग हसू थांबवून त्यांनी एकदा पडद्यांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा सांगा बरं," त्या म्हणाल्या.

"दोन्हीकडं सारखंच दिसतंय."

"डावीकडं जास्त भडक नाही वाटत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. शिडीवर उभ्या उभ्याच माझे कान तापले. एवढी वर्षं लाइटच्या धंद्यात काढली, पण गिऱ्हाइकासमोर असा उघडा पडलो नव्हतो.

मी भिंगारचा. लग्नं, सभा, शाळांची गॅदरिंग यांना साऊंड, लाइट, प्रोजेक्टर आणि पडदे पुरवायचा माझा धंदा आहे. लाल आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत. जन्मापासूनच. निळा दिसतो, पिवळा दिसतो, बाकीचं सगळं त्या दोघांच्या मधलं काहीतरी असतं. माझ्याकडच्या प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी लावलेली असते आणि तिच्यावर अक्षर लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं हा माणूस फार नेटका आहे. खरं कारण धंद्यातल्या कुणाला सांगितलं नव्हतं; ते माहीत होतं बायकोला, चार-दोन जुन्या मित्रांना आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना. पण अण्णांना ते पटलेलं नव्हतं.

अण्णा लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन पेंटर होते. गाड्यांना रंग द्यायचा. आधी तांबड्या ऑक्साईडचा हात, त्यावर लष्करी हिरवा. दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या जुन्या रंगाशी नवा रंग नजरेनं जुळवायचे आणि तो कुठून सुरू झाला हे कुणाला दाखवता यायचं नाही. अशा माणसाच्या पोराला रंग कळू नयेत, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

बारावीनंतर मी भरतीला उतरलो. धावलो, छाती भरली, उंची भरली. मग डोळ्यांची तपासणी आली. रंगीत ठिपक्यांची पानं समोर धरली आणि आतला आकडा वाचायला सांगितलं. मला काही पानांत आकडाच दिसेना, काहींत भलताच दिसला. मी जो दिसला तो प्रामाणिकपणे सांगितला. डॉक्टरांनी मान हलवली आणि मला बाजूच्या रांगेत उभं केलं. ती घरी जाणाऱ्यांची रांग होती.

त्या संध्याकाळी अण्णांनी वर्कशॉपमधून आणलेले रंगाचे दोन डबे अंगणात मांडले, झाकणं काढली आणि विचारलं, "ह्यो कुठला?"

मी म्हणालो, "तपकिरी."

"अन् ह्यो?"

"तो बी तसाच."

अण्णांनी झाकणं लावली. "आधीपासून त्या मंडपवाल्याच्या लाइटीत जीव अडकलाय तुझा," ते म्हणाले. "भरतीला जायाचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं हुतं. आंधळ्याचं सोंग कशाला?" त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. रागही धरला नाही. माझा धंदा सुरू झाला तेव्हा दुकानाची पाटी त्यांनीच रंगवली. पण शेजारचा फौजेत भरती झालेला मुलगा सुट्टीवर आला की ते दारातून आत निघून जायचे.

तर त्या बाई. वय पस्तिशीच्या आसपास. पुण्याला राहायच्या, आजोळ काष्टीजवळचं. पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी विचारलं, कार्यक्रम कसला आहे? लग्न की सभा? त्या म्हणाल्या, "कलाकृती आहे. चित्रकार रंग-कुंचला वापरतो ना, मी कॅमेरे, सेन्सर आणि कॉम्प्युटर वापरते. काष्टीचा जनावरांचा बाजार बैलाला कसा दिसतो ते मला माणसांना दाखवायचंय." मी हो म्हणालो, कारण प्रोजेक्टर रिकामे होते. बैलाला बाजार कसा दिसतो याची उठाठेव कोण कशाला करेल, ते मला कळलं नव्हतं.

जागा होती बाजारतळाजवळची एक पत्र्याची शेड. एरवी तिथं कांद्याच्या गोण्या असतात. आम्ही आत पांढऱ्या कापडाचा मोठा गोल उभा केला. माणसानं मधोमध उभं राहायचं आणि चहूबाजूंनी चित्र. गावातल्या एका शेतकऱ्याचा पांढराशुभ्र खिलार बैल त्यांनी त्यासाठी निवडला होता. त्याच्या मोरकीला, म्हणजे तोंडावर बांधतात त्या दोरीला, दोन्ही डोळ्यांशेजारी एकेक, असे दोन छोटे कॅमेरे बांधून त्याला आठवडे बाजारातून फिरवलं होतं. बैलाचे डोळे बाजूला असतात, त्यामुळे त्याला एकाच वेळी पुढचं, दोन्ही अंगांचं आणि बरंचसं मागचंही दिसतं. फक्त शेपटीमागची एक पट्टी आणि नाकासमोरची थोडी जागा दिसत नाही. तेवढा भाग बाईंनी कापडावर काळा ठेवला होता. आणि रंग? बैलाच्या डोळ्यात रंग ओळखायची सोय माणसापेक्षा कमी असते. लाल-हिरवा त्याला वेगळा कळत नाही. त्यासाठी त्यांनी कॉम्प्युटरकडून प्रत्येक चित्राचे रंग बदलून घेतले होते. ते जुळवून बघायला दाराजवळ दोन साधे पडदे शेजारी शेजारी लावले होते: डाव्या पडद्यावर माणसाचे रंग, उजव्यावर बैलाचे.

मी शिडीवरून खाली उतरलो. आता बाई काय विचारणार, हे मला ठाऊक होतं. ज्याला ज्याला माझं हे कळलं, त्यानं एकच प्रश्न विचारलाय. हातातली पेन्सिल, शर्ट, झाडाचं पान, जे सापडेल ते पुढं करून विचारतात, "मग हा कुठला रंग?" आणि मी चुकलो की हसतात. वाईट हेतूनं नाही, पण हसतात.

बाईंनी काही पुढं केलं नाही. खुर्ची ओढून दिली आणि म्हणाल्या, "मला एक सांगाल? या चित्रात तुमची नजर आधी कुठं जाते?"

मी पाहिलं. बाजारातली गर्दी, शिंगं रंगवलेले बैल, एका बाजूला टेम्पो, मागं लिंबाचं झाड. "त्या निळ्या ताडपत्रीकडं," मी म्हणालो. "मग त्या म्हाताऱ्याच्या हाताकडं. हलतोय म्हणून."

"आणि ते गोंडे? शिंगांना बांधलेले?"

"ते असून नसल्यासारखे आहेत. कुणी बोट दाखवलं तर दिसतात."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, दोन वर्षं मी यावर काम करतेय. गणितं केली, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. पण माझं चित्र बरोबर आलंय की नाही, हे मला स्वतःला कधीच बघता येणार नाही. माझे डोळे तसे नाहीत. तुमचे बैलासारखे तंतोतंत नाहीत, पण पुष्कळ जवळचे आहेत. हे दोन पडदे तुम्हाला जिथं जिथं सारखे दिसतील तिथं माझं बरोबर. जिथं वेगळे दिसतील तिथं चुकलं. मला मदत कराल?"

माझ्या डोळ्यांची कुणाला मदत होऊ शकते, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, "आधी जेवून घेऊ."

शेडच्या दाराशी बसून आम्ही भाकरी, पिठलं आणि कांदा खाल्ला. बैलाचा मालकही आला होता. त्यानं आमचं बोलणं ऐकलं आणि खो खो हसला. "म्हंजी तुमाला माझ्या बैलावानी दिसतं?"

"तसंच म्हणा."

"मंग लाल बघून उधळत न्हाई का तुमी?"

बाई म्हणाल्या, "बैलही लाल बघून उधळत नाही काका. फडफडणारं कापड बघून उधळतो. ते कुठल्याही रंगाचं असू दे."

"आन् आमी उगा लाल कपडे लपवतो," मालक म्हणाला आणि दुसरी भाकरी मोडून घेतली.

त्यानंतरचे काही दिवस मी रोज भिंगारहून काष्टीला जात होतो. खरं तर प्रोजेक्टर लावून झाले होते, माझं काम संपलं होतं. घरी सांगायचो, थोडं राहिलंय. बाई एकेक दृश्य लावायच्या आणि मी दोन्ही पडद्यांसमोर उभा राहायचो. "उजवीकडचा गोंडा मळल्यासारखा वाटतोय," मी म्हणायचो, की त्या कॉम्प्युटरवर काहीतरी फिरवायच्या. "आता?" "आता सारखा झाला." "गुलाल?" "गुलाल उजवीकडं जास्त काळा आहे." असं चालायचं. कधी मला काहीच फरक दिसायचा नाही, तेव्हा त्या टाळी वाजवायच्या. आजवर फरक न दिसणं हा माझा दोष होता. इथं तो न दिसला की कुणीतरी खूश होत होतं.

मधल्या वेळात त्या विचारत राहायच्या. पिकलेला टोमॅटो कसा ओळखता? दाबून, मी म्हणालो, आणि बायकोला विचारून. पलाश फुलतो तेव्हा? तेव्हा लोक गाडी थांबवून फोटो काढतात, त्यावरून कळतं. त्या हसल्या, मीही हसलो. एकदा दुपारी शेडबाहेर वाळक्या कडब्याच्या गंजीवर एक नाकतोडा बसला होता. मी तो दाखवला तर त्यांना सापडेना. जवळ जाऊन बोट ठेवेपर्यंत सापडला नाही. "तुमचं लक्ष रंगांकडं जातं," मी म्हणालो, "माझं आकाराकडं जातं. दुसरं काय करणार?" त्यांनी ते मनापासून ऐकलं. मी काही फार मोठं सांगितलं नव्हतं. पण माझं ऐकलं जात होतं, आणि त्याची मला इतकी सवय नव्हती की घरी जाताना गाडीत मी ते पुन्हा स्वतःशीच बोलून बघितलं.

सगळं घरी बायकोला सांगितलं. लग्न झाल्यापासून माझे कपडे तीच काढून ठेवते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला बघायचंय. आन् अण्णांना बी घेऊन येते."

"अण्णा कशाला येतील?"

"बैलं बघायला चला म्हणते. तेवढ्यावर येतील."

बाजाराच्या दिवशीच कलाकृती लोकांसाठी उघडली. जनावरं विकायला, घ्यायला आलेली माणसं चपला काढून कापडाच्या गोलात शिरत होती. आधी आत हशा चालायचा, मग माणसं मान वळवून वळवून मागचंही बघायला लागायची. बैलाचा मालक आत गेला तेव्हा मी दाराशीच होतो. पडद्यावर बैलाच्या उजव्या अंगानं एक हात येत होता, कासरा धरायला. बैलानं जवळून पाहिलेला, राक्षसासारखा मोठा हात. तो मालकाचाच होता. तो बघत राहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "माझा हात एवढा मोठा दिसतो व्हय त्याला?" आणि त्याच हाताकडं खाली बघितलं. मग बैल बांधला होता तिकडं गेला.

दुपारी बायको आणि अण्णा आले. अण्णांनी ठेवणीतला गुलाबी फेटा बांधला होता, बायकोनं लाल काठाची हिरवी साडी नेसली होती. अण्णांचा मुलूख इकडचाच, श्रीगोंद्याकडचा, त्यामुळे आधी बाजारात रमले. दोन-चार बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, नावं ठेवली. मग बायकोनं त्यांना शेडमध्ये आणलं.

शेडच्या दाराजवळ बाईंनी एक वेगळी सोय केली होती. बैलाच्या उंचीवर एक कॅमेरा लावला होता. आत येणारा माणूस त्यात तिथल्या तिथं दिसायचा, डावीकडं आपल्याला दिसतो तसा आणि उजवीकडं बैलाला दिसतो तसा. बायको पुढं होऊन उभी राहिली. काय बघतेय ते मला माहीत होतं. उजव्या पडद्यावरच्या तिच्या साडीला काठच उरला नव्हता. सगळं एकाच मातकट पिवळ्यात.

"हे असं?" तिनं मला हळूच विचारलं.

"मला दोन्हीकडं सारखंच दिसतंय," मी म्हणालो. "पण असंच असणार."

"मी लग्नात हिरवा शालू नेसले हुते."

"आठवतंय की. लई चांगली दिसत होतीस."

"ह्या असल्या रंगात?"

"मला कुठं दुसरा माहीत होता?"

तिनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच हसली. "आन् मी तो घ्यायला दिवसभर दुकानं पालथी घातली हुती," ती म्हणाली.

अण्णा आमच्याकडं बघत नव्हते. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले होते, पेंटर भिंतीजवळ जातो तसे. आपल्या फेट्याकडं बघत होते. तो उजवीकडं मळकट राखाडी दिसत असावा. मग त्यांनी हात वर करून त्याच पडद्यावर मागं दिसणारं दाराबाहेरचं दृश्य दाखवलं. तिथं एक लोखंडी फाटक होतं, नुसता ऑक्साईड मारून सोडलेलं. शेजारी लिंबाची डहाळी.

"ह्यो हिरवा कुठं गेला?" त्यांनी बाईंना विचारलं.

"बैलाला तो असाच दिसतो, काका."

"ऑक्साईड आन् हिरवा एकच झालाय."

"हो."

अण्णा माझ्याकडं वळले. खूप दिवसांनी ते माझ्या डोळ्यांत बघून बोलले. "मी तुझ्यापुढं दोन डबे ठिवले हुते. भरतीच्या टायमाला."

"व्हय, अण्णा."

"त्ये असं दिसलं?"

"असंच."

ते पुन्हा पडद्याकडं वळले. बोटानं हवेत काहीतरी मिसळल्यासारखं केलं. "पिवळी माती. त्यात थोडा काळा," ते स्वतःशी म्हणाले. चाळीस वर्षं रंग जुळवलेला माणूस माझ्या डोळ्यातला रंग जुळवत होता. मग म्हणाले, "मला वाटलं हुतं तू मुद्दाम..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मी पुरं होऊ दिलं नाही. मी म्हणालो, "आत चला, बैल फिरतोय बाजारात, ते बघा."

ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाई दोनदा डोकावून आल्या. म्हणाल्या, "राहू द्या त्यांना."

परतताना गाडी मी चालवत होतो, अण्णा शेजारी बसले होते. गाव मागं पडलं आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. सिग्नल कसा ओळखतोस? वरचा लाल, खालचा हिरवा, मी म्हणालो. आन् आडवा असला तर? पुढच्या गाडीकडं बघतो. वायरी? चिकटपट्टी. रक्त? ओलं दिसतं, काळसर. ज्वारी कशी दिसते? उसाचा फड? इंद्रधनुष्य? ते एकामागून एक विचारत होते आणि मी सांगत होतो. मागं बायको पुढं सरकून ऐकत होती. मध्येच अण्णा म्हणाले, "तुझ्या आईचा बाप कच्च्याच मिरच्या तोडायचा. सगळं घर त्याला हसायचं. त्याला बी असंच आसंल." मग थोडं थांबून म्हणाले, "कुणी इचारलंच न्हाई त्याला."

भिंगार आलं तरी त्यांचे प्रश्न संपले नव्हते. मला वाटत होतं रस्ता अजून लांब असता तर बरं झालं असतं.

काष्टीतलं काम उतरवलं त्या दिवशी बाईंनी मला शेडच्या दारावरची पाटी दाखवली. काम कुणी कुणी केलं त्यांची नावं तिच्यावर होती. प्रोजेक्टरपुढं माझं नाव असणार हे मी धरून चाललो होतो. ते होतंच, पण वर आणखी एका ओळीत पुन्हा होतं: "रंग पाहिले." एवढंच लिहिलं होतं. मी पाटी मागितली नाही, मला लाज वाटली. त्यांनीच ती कापडात गुंडाळून टेम्पोत ठेवली. नंतर तीच कलाकृती दुसऱ्या शहरांत गेली. तिथले प्रोजेक्टर तिथलेच होते, पण रंग नीट लागलेत का हे बघायला त्यांनी मला दोन वेळा बोलावून घेतलं. लोक त्या कलेला काय म्हणतात, मोठमोठे शब्द काय वापरतात, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या बाईंनी मात्र माझ्यासाठी जे केलं, ते मी कुणालाही सांगू शकतो. त्यांनी मला पारखलं नाही, विचारलं. आणि मी सांगितलेलं सगळ्यांना दिसेल असं मांडलं, माझ्या वडिलांनासुद्धा.

या हिवाळ्यात अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दुपारी मी दुकानात होतो, तर त्यांचा फोन आला. "घरी ये." मला वाटलं काही दुखतंय. घाईनं गेलो. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते आणि आळीपाळीनं एकेक डोळा हातानं झाकत होते.

"काय झालं?"

"ह्या डोळ्यानं आभाळ निळं दिसतंय, लई निळं," ते म्हणाले. "आन् ह्या जुन्या डोळ्यानं चहा सांडल्यावानी. इतकी वर्सं मी असंच पिवळं बघत हुतो आन् मला पत्ताच न्हाई. आता ह्यातलं खरं कुठलं?"

"मला काय विचारता, अण्णा?"

"मंग कुणाला इचारू?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी मला समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांतला एकेक रंग सांगायला सुरुवात केली, आधी नव्या डोळ्यानं, मग जुन्या. मला जे दिसत होतं ते मी सांगत होतो. तिघांचं जमत नव्हतं, म्हणजे त्यांच्या दोन डोळ्यांचं आणि माझं, आणि आम्हा दोघांनाही हसू आवरत नव्हतं. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्यासाठी पुढच्या महिन्यात बोलावलंय.

"येवढी घाई कशाला?" अण्णा म्हणाले. "जरा दिवस दोन्ही बघू द्या की."